गप्प तबली

त्या श्रावणात जवळजवळ तीन आठवडे मी असं धरून चाललो होतो की आपले कान गेले. कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला तर नाहीच नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी कारखाना सोडून मी गिटारी बनवायला लागलो, तेव्हा तिनं एवढंच विचारलं होतं, "जमेल ना?" आणि मी नेहमीच्या तोऱ्यात म्हणालो होतो, "लाकूडच आहे ना ते? मला नाही जमणार तर कुणाला जमेल?" असं बोलून बसलेल्या माणसाला तीन वर्षांनी घरी जाऊन "मला ऐकू येईनासं झालंय" म्हणणं सोपं नसतं.

आधी काम काय असतं ते सांगतो, म्हणजे माझी पाचावर धारण का बसली होती ते कळेल. गिटारच्या पुढच्या अंगाला गोल भोक असलेली जी पातळ फळी असते, खरा आवाज तिच्यातून निघतो. इंग्रजीत तिला साउंडबोर्ड म्हणतात. सतार बनवणारे तिला तबली म्हणतात. मला तो शब्द आवडला, म्हणून मीही तबलीच म्हणतो. ती थंड देशातल्या स्प्रूस नावाच्या पांढरट लाकडाची असते आणि पुरती तीन मिलिमीटरही जाड नसते. सहा तारा ताणल्या की तिच्यावर एखादा भरला माणूस लोंबकळावा एवढा ओढा येतो. नुसती फळी असती तर चार दिवसांत वाकून फाटली असती. म्हणून तिच्या आतून लाकडाच्या पट्ट्या चिकटवतात. दोन मोठ्या, फुलीसारख्या एकमेकींवरून गेलेल्या, आणि त्यांच्या आजूबाजूला लहान. पट्ट्या जाड ठेवल्या तर तबली भक्कम होते पण मुकी राहते. फार तासल्या तर गोड बोलते आणि वर्षभरात बसते. या दोन्हींच्या मधली जागा शोधायची, आणि ती मोजपट्टीनं सापडत नाही. थोडं तासायचं, तबली वरच्या कडेला दोन बोटांत लटकती धरायची, दुसऱ्या हाताच्या बोटानं ठोकायची आणि ऐकायचं. पुन्हा थोडं तासायचं, पुन्हा ऐकायचं. सुरुवातीला नुसतं 'टक्' येतं. मग तो आवाज हळूहळू लांबायला लागतो, खोल होतो, आणि एका क्षणी बोट काढून घेतलं तरी फळी बोलत राहते. तिथं थांबायचं.

म्हणजे सगळा खेळ कानांचा. डोळे अधू झाले तर चष्मा लावता येतो, हाताला कंप आला तर साचा बनवता येतो. या एका कामात कानाला पर्याय मला माहीत नव्हता, आणि दुसरं काही काम मला करायचं नव्हतं.

सव्वीस वर्षं मी पिरंगुटच्या एका पॅटर्न शॉपमध्ये होतो. लोखंडाचं ओतकाम करायचं तर आधी त्या आकाराचा लाकडी नमुना लागतो, तो बनवणारे आम्ही. पंप, गिअरबॉक्स, झडपा, काय वाट्टेल ते आम्ही आधी सागवानात बनवलं. भिंतीपलीकडे ओतून आलेल्या मालावर दिवसभर ग्राइंडर चालायचे आणि आमच्या बाजूला रंध्याची मशीनं. कानात घालायचे बोळे कंपनी द्यायची. आम्ही ते दोरीनं गळ्यात अडकवायचो आणि साहेब दिसला की कानात कोंबायचो. आळस म्हणून नव्हे. कटर लाकूड नीट खातोय की जाळतोय हे आवाजावरून कळतं, आणि बोळे घालून काम करणारा कारागीर म्हणजे आमच्या दृष्टीनं हातमोजे घालून भाकरी थापणारी बाई.

त्या शॉपमध्ये मी दोन गोष्टी शिकलो, त्या अजून अंगातून गेलेल्या नाहीत. एक, एकदा नीट सेट केलेल्या मशीनला उगाच हात लावायचा नाही. दुसरी, लाकडाला दोष द्यायचा नाही. पोरगं "लाकूडच खराब आलंय" म्हणालं की आमचे हेडमिस्त्री वरसुद्धा न बघता म्हणायचे, "नाचता येईना अंगण वाकडं." काम बिघडलं तर हात बिघडला, असा तिथला कायदा होता. या दोन्ही गोष्टींनी मला पुढे कसं गोत्यात आणलं ते येईलच.

भरे गावात मी एक खोली भाड्यानं घेतली आहे. पूर्वी तो गोठ्याचाच अर्धा भाग होता. घरमालकांनी मध्ये भिंत घालून, फरशी टाकून कारखान्यातल्या पोरांसाठी खोल्या काढल्या, त्यातली कडेची माझी. भिंतीपलीकडे दोन म्हशी अजून आहेत. घरमालकांचे वडील, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं आणि मीही म्हणतो, ते सत्तरीच्या आतबाहेरचे. रोज सकाळी म्हशींचं आटोपलं की माझ्या दारात उभे राहून आज काय चाललंय ते बघून जातात. मला ते मिस्त्री म्हणतात. माझ्या कामाला त्यांचा फार मोठा हातभार आहे. पट्ट्या चिकटवताना त्या तबलीवर घट्ट दाबून धराव्या लागतात, आणि मधोमध शिकंजा पोचत नाही. म्हणून कामाच्या टेबलावर चार खांबांवर एक छत केलेलं असतं, आणि छत नि पट्टी यांच्यामध्ये लवचीक काड्या वाकवून अडकवतात. त्या सरळ व्हायला बघतात आणि पट्टीला दाबून धरतात. परदेशातले लोक त्यासाठी काय काय मागवतात. आबांनी त्यांच्या बेटातला बांबू फोडून मला तीस कामट्या काढून दिल्या, एकसारख्या, आणि वर म्हणाले, "एवढंच व्हय? मला वाटलं काय तरी अवघड सांगताय."

तर वैशाखात मी ही तबली बांधली. माझी पाचवी गिटार, आणि अनोळखी माणसानं मागितलेली पहिली. आधीच्या चार, त्या मित्रांनी आणि भाच्यांनी मिरवल्या होत्या, तिथं कौतुक फुकट असतं. ही हिंजवडीत एका कंपनीत काम करणाऱ्या बाईंसाठी होती. सरस वितळवला, पट्ट्या बसवल्या, कामट्या वाकवून अडकवल्या, आणि दुसऱ्या दिवशी सोडवून ठोकून बघितली. जाड पट्ट्यांच्या मानानं फार छान बोलली. थोडं तासलं, आणखी मोकळी झाली. शेवटचं बारीक तासकाम मुद्दाम मागे ठेवलं, तबली भिंतीवर टांगली आणि पाठ नि बाजू बनवायला घेतल्या.

वैशाखातच का, तर हवा कोरडी असते म्हणून. मुळशीत एकदा आषाढ लागला की भिंतीला हात लावला तरी हात ओला होतो. लाकूड ती ओल पितं आणि फुगतं. हे मला ठाऊक होतं, मी काही अगदीच खुळा नव्हे. म्हणून मी हवेतली ओल ओढून घेणारं एक मशीन आणलं होतं. ते खोली कोरडी ठेवतं आणि ओढलेलं पाणी पोटातल्या टाकीत साठवतं. टाकी रोज कोण ओतत बसणार, म्हणून मी तिला नळी जोडून भिंतीतून बाहेर काढली होती. हवेतल्या ओलीचा आकडा पन्नास टक्क्यांवर सेट केला, भुसा बसू नये म्हणून वरून जुन्या चादरीचा तुकडा टाकला आणि नंतर त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही. सेट केलेल्या मशीनला हात लावायचा नाही.

श्रावणाच्या सुरुवातीला तबली खाली काढली, दोन बोटांत धरली आणि ठोकली.

टक्.

पुन्हा ठोकली. वरच्या बाजूला, खालच्या बाजूला, मधे. टक्, टक्, टक्. पुठ्ठ्याच्या खोक्यावर वाजवल्यासारखं. वैशाखात ही फळी बोलत होती हे मला पक्कं आठवत होतं, आणि आता ती गप्प होती.

लाकडाला दोष द्यायचा नाही हे इतकं मुरलेलं की माझा पहिला विचार लाकडाकडे गेलाच नाही. तो थेट माझ्याकडे आला. आणि एकदा संशय आला म्हटल्यावर पुरावे काय, हवे तेवढे मिळतात. हिंजवडीच्या बाई फोनवर बोलल्या की मी दोन दोनदा "काय म्हणालात?" करत होतो. मागच्या आठवड्यात बायको दुकानात असताना कुकर माझ्या शेजारी शिट्ट्या फुंकत राहिला आणि डाळ करपली. आणि एका संध्याकाळी गॅलरीत बसून मी मोठ्या अभ्यासूपणानं म्हणालो होतो की या दोन-तीन वर्षांत रातकिडे फार कमी झालेत, बिल्डिंगा वाढल्या ना. तेव्हा बायकोनं माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघितलं होतं. आता त्या नजरेचा अर्थ लागला. रातकिडे होते तिथंच होते.

मी घाबरलो. माझा स्वभाव तापट आहे. भीती वाटली की मी चिडतो, तसा चिडायला लागलो. बाजूच्या खोल्यांत राहणाऱ्या पोरांवर, रस्त्यातल्या कंटेनरवाल्यांवर, जेवणात मीठ बरोबर असलं तर ते बरोबर का म्हणूनसुद्धा. बायको ब्लाउज शिवते, पिरंगुटात तिचं लहानसं दुकान आहे. ती संध्याकाळी थकून यायची आणि मी तोंड फुगवून बसलेला. तिनं कारण विचारलं तर म्हणायचो, "काही नाही. हवा खराब आहे."

आणि सगळ्यात वाईट, मी तासत राहिलो. आवाज लांबत नाही म्हणजे पट्ट्या जाड आहेत, असं स्वतःला सांगत रोज थोडं थोडं. पटाशी लावायची, पातळ ढलपी काढायची, ठोकायचं. टक्. आणखी एक ढलपी. बाजूची एक पट्टी तर मी घाबरटपणे इतकी उतरवली की दुसऱ्या दिवशी तिच्याकडे बघवेना. तबलीची पाठ नेहमीपेक्षा जास्त फुगलेली दिसत होती, हेही डोळ्यांना कळत होतं. मी सव्वीस वर्षं अर्ध्या मिलिमीटरचा फरक नजरेनं सांगणारा माणूस. पण मी ठरवूनच टाकलं होतं ना, दोष कुणाचा ते. एका दुपारी पटाशी खाली ठेवली आणि ठरवलं की बाईंना फोन करून गिटार जमणार नाही म्हणून सांगायचं आणि हत्यारं कुणाला तरी देऊन टाकायची. पुढे काय करायचं ते काही सुचत नव्हतं. पन्नाशीच्या पॅटर्नमेकरला हल्ली कुणी उभं करत नाही, सगळं संगणकावर होतं.

फोन करायचा तो मी दुसऱ्या दिवसावर ढकलला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आले.

एरवी ते दारातूनच बघून जायचे. त्या दिवशी पाऊस तिरपा येत होता म्हणून आत आले. डोक्यावरची गोणपाटाची खोळ काढून झटकली, तबलीकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "मिस्त्री, ते तेवढं बंद करा की. डोकं उठलंया."

"काय बंद करू?"

"ते काय वाजतंय ते. टी-टी-टी-टी. म्हशी बी कान हलवत्यात."

मी कान दिला. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि मशीनच्या पंख्याची घरघर चालू होती. तिसरं काही नव्हतं.

"कुठं वाजतंय आबा?"

"हितं, तुमच्या खोलीत. कवाधरनं वाजतंय. मला वाटलं, तुमी उंदरांसाठनं लावलंय काय तरी. आमच्या सोयऱ्यानं आनलंय तसलं, उंदरं पळत्यात म्हनं." मग ते थांबले आणि माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "तुमास्नी ऐकू येत न्हाई व्हय?"

कुणीतरी तोंडावर म्हणालं ते पहिल्यांदाच. आबा आवाजाच्या मागावर खोलीभर फिरले, कोपऱ्यात गेले आणि मशीनवरची चादर उचलली. तिच्याखाली लाल दिवा लुकलुकत होता. आकडा होता चौऱ्याऐंशी.

टाकी काठोकाठ भरली होती. भरली की मशीन ओल ओढायचं थांबवतं, नुसता पंखा फिरतो, आणि मालकानं येऊन टाकी ओतावी म्हणून ते बारीक आवाजात हाका मारत राहतं. माझं मशीन मला असं तीन आठवडे, कदाचित जास्तच, हाका मारत होतं. मी त्याच्यापासून पाच हातांवर बसून तबलीला कान लावत होतो. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तशातली गत. भिंतीबाहेर जाऊन बघितलं तर नळीच्या तोंडात कुंभारणीनं मातीचं घर बांधलेलं. इवलीशी माशी, पण काम असं पक्कं की काडीनं उकरून काढायला पाच मिनिटं लागली.

आत आलो तर आबांनी तबली हातात घेतलेली. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी तिच्यावर बोट वाजवलं.

"ओलं झालंय हे," ते म्हणाले. "ढोल बसतो तसं बसलंय. आमी गनपतीच्या आधी पावसात ढोल काढायचो तवा असंच. कितीबी हाना, भद् भद् वाजायचं. जाळाम्होरं धरून शेकला की मग बोलायचा. चुलीम्होरं धरू का जरा?"

मी तबली त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावली. चुलीपुढे धरली असती तर सरस सुटला असता. पण मला त्यांना मिठी मारावीशी वाटत होती, हे खरं आहे. अंगण खरंच वाकडं होतं. म्हणजे तबली सचोटीनं टक् म्हणत होती आणि मी सचोटीनं टक् ऐकत होतो.

हा दिलासा फार तर तासभर टिकला. स्कूटरवर बसून घरी निघालो आणि भूगाववरून येणाऱ्या गाड्यांच्या गर्दीत लक्षात आलं, की तो टी-टी मला ऐकू आला नव्हता तो नव्हताच. आबांना आला, म्हशींना आला, मला नाही. मग उद्या लाकूड वाळल्यावर ते बोललं तरी मला ऐकू येईल कशावरून? वैशाखात ऐकलं होतं, त्याला तीन महिने झाले होते. कान जायला किती वेळ लागतो कोण जाणे.

लाकूड घाईनं वाळवलं तर चिरतं. आकडा चौऱ्याऐंशीवरून खाली यायला आठवडा लागणार होता. पहिल्यांदा आयुष्यात मी सेट केलेल्या मशीनकडे दिवसातून दहा वेळा बघत होतो. ऐंशी. पंच्याहत्तर. त्या आठवड्यात तबलीला बोटही लावायचं नाही असं ठरवलं आणि पाळलं. घाबरून पाळलं, शहाणपणानं नव्हे.

पाचव्या दिवशी न सांगता पुण्याला गेलो आणि कान तपासून घेतले. काचेच्या खोलीत बसवतात, कानांवर डबडी लावतात, आणि आवाज ऐकू आला की बोट वर करायचं. तपासणाऱ्या बाई माझ्या भाचीच्या वयाच्या. सुरुवातीला बोट पटापट वर जात होतं. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं मशीन बंद पडलं. काचेतून बघितलं तर बाई गंभीर चेहऱ्यानं बटणं दाबतच होत्या. त्या दोन मिनिटांत मला जेवढी शांतता ऐकू आली तेवढी कधी आली नव्हती.

बाहेर आल्यावर त्यांनी कागदावरची रेघ दाखवली. डावीकडून सरळ सपाट येणारी, आणि मग ताम्हिणीच्या कड्यासारखी एकदम खाली गेलेली.

"मशीनवर काम केलंय का काका? बरीच वर्षं?"

"सव्वीस."

"कानात काही घालत होतात?"

"गळ्यात घालत होतो," मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत.

त्यांनी सांगितलं की वरचे, बारीक, टोकदार आवाज गेलेत आणि ते परत येणार नाहीत. शिट्ट्या, घड्याळाचे गजर, रातकिडे, आणि बोलण्यातले स, श, फ, त असले हवेचे वर्ण. एका दिवसात होत नाही हे, दहा-बारा वर्षं तरी चाललं असेल. आता मशीन चालवताना बोळे घातले नाहीत तर आणखी जाईल. खालचे स्वर मात्र शाबूत आहेत.

"लाकडाची फळी ठोकली तर ऐकू येईल का?" मी विचारलं.

त्यांना प्रश्न कळला नाही. मग मी वैशाखातला तो आवाज आठवून त्यांना गुणगुणून दाखवला, तोंड मिटून, लाज सोडून. त्यांनी थोडा विचार केला, मला परत आत बसवलं आणि एक बटण दाबलं. खोल, गोल स्वर आला. माझं बोट वर गेलं. तो बारीक केला, तरी गेलं. आणखी बारीक, अगदी दूरच्या देवळातल्यासारखा. तरीही गेलं. काचेपलीकडून त्यांनी अंगठा दाखवला, आणि त्या खुर्चीत मी ढसाढसा रडलो. डबडी कानावर होती, त्यामुळे आवाज किती मोठा झाला ते मला कळलं नाही.

तिथून सरळ भरे गावात गेलो. आकडा पंचावन्न होता. तीन दिवस आणखी थांबलो, पन्नास झाला, आणि चौथ्या दिवशी सकाळी तबली खाली काढली. पाठीचा फुगवटा उतरला होता. दोन बोटांत धरली. ठोकायच्या आधी उगाचच आबांना हाक मारली. ते येऊन दारात उभे राहिले.

ठोकली, आणि फळी बोलली. बोट काढून घेतल्यावरही बोलत राहिली. मी घाबरून उतरवलेल्या त्या पट्टीच्या बाजूला जरा उथळ, पण पडेल इतकी नव्हे. आणखी दोन ढलप्या अशाच काढल्या असत्या तर गेली होती. जीव भांड्यात पडणं हा शब्दप्रयोग मी आयुष्यभर वापरला. तो छातीत नेमका कुठं पडतो ते त्या दिवशी कळलं.

आबा म्हणाले, "आता कसं." आणि म्हशींकडे गेले.

त्या तबलीला मी पुढे पटाशी लावली नाही. गिटार दिवाळीच्या सुमाराला पूर्ण झाली, बाई येऊन घेऊन गेल्या, आणि अजून तरी ती बसलेली नाही.

पण तबली बोलली त्याच संध्याकाळी मी घरी कागद काढून बायकोपुढे ठेवला आणि सगळं एका दमात सांगितलं. कान, टाकी, कुंभारीण, पुण्याची तपासणी, तीन आठवडे केलेली चिडचिड. मला वाटलं होतं ती लपवल्याबद्दल रागावेल. ती चष्मा लावून त्या रेघेकडे बघत राहिली. मग रेघ खाली पडते तिथं बोट ठेवून विचारलं, "म्हणजे हे आवाज तुम्हाला येतच नाहीत?"

"नाही."

"केव्हापासून?"

"त्या म्हणाल्या दहा-बारा वर्षं तरी."

ती खुर्चीत बसली. कागद मांडीवर ठेवला. तिचा आवाज मुळात बारीक आहे, लग्नाआधीपासून. एकेक शब्द नीट उच्चारत ती म्हणाली, "मला वाटायचं, माझं बोलणं तुम्हाला नकोच असतं. मी काही सांगायला लागले की तुम्ही तिसरीकडेच बघता. एकदा म्हणालात, काय सारखी पुटपुटत असतेस. मग मी सांगायचं सोडून दिलं. बाजार, लाइटचं बिल, एवढंच बोलायचं असं ठरवलं."

मला ते वाक्य आठवत नव्हतं. पण ते माझंच होतं, माझ्या तोंडचं, त्यात शंका नव्हती. दहा वर्षं ती एका घुम्या, तुसड्या माणसाबरोबर राहत असल्याचं मानून चालली होती आणि तिनं ते गपगुमान पत्करलं होतं. मी काहीतरी माफीचं बोलायला गेलो. तिनं हातानं थांबवलं. तिचे डोळे भरले होते, पण चेहरा असा सैल झाला होता की मी तो कित्येक वर्षांत बघितला नव्हता.

"बरं झालं," ती म्हणाली. "कानच होते ते."

मग तिनं खुर्ची माझ्यासमोर ओढली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी, आणि जरा खालच्या पट्टीत, सावकाश, दुकानात आज काय झालं ते सांगायला लागली. एका बाईनं बाहीचं माप तीनदा बदललं आणि शेवटी पहिलंच ठेवलं. गोष्ट एवढीच होती. मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली आणि मग विचारलं, "आणि काल काय झालं?"